गर्भावस्थेतील कोव्हिड-१९

गर्भावस्थेतील कोव्हिड-१९ म्हणजे गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत स्त्रीला सार्स-कोव्ह-२ या कोरोनाविषाणूचा झालेला संसर्ग होय. या संसर्गाचा परिणाम एकाच वेळी दोन जिवांवर होऊ शकतो, म्हणून वैद्यकशास्त्रात त्याचा स्वतंत्र विचार केला जातो. बहुसंख्य गर्भवतींना हा आजार सौम्य स्वरूपात होतो किंवा त्याची लक्षणेही दिसत नाहीत. मात्र ज्यांना तो तीव्र होतो, त्यांना अतिदक्षता विभागात दाखल करावे लागण्याचे, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे आणि मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा अधिक असते. या विषयावरील भारतातील काही महत्त्वाचे अभ्यास महाराष्ट्रात झाले. मुंबई, पुणे आणि कोल्हापूर येथील रुग्णालयांच्या नोंदी त्यासाठी आधारभूत ठरल्या आहेत.

पूर्वपीठिका

श्वसनमार्गाच्या साथी गर्भवतींना अधिक जाचतात, ही गोष्ट २०२० साली नव्याने कळलेली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. त्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू अधिक झाल्याचे तत्कालीन आरोग्य अहवालांत नमूद आहे. आजारी माणसाची सेवा करणारी, स्वतः मात्र अर्धपोटी राहणारी घरातील स्त्री या साथीला सहज बळी पडली. अमेरिकेत १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्फ्लुएंझा झालेल्या १,३५० गर्भवतींपैकी सुमारे २७ टक्के मृत्यू पावल्याचे दिसले. ज्यांना न्यूमोनिया झाला, त्यांच्यापैकी तर निम्म्या दगावल्या.

२००३ मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगमधील बारा बाधित गर्भवतींपैकी तिघींचा मृत्यू झाला. सार्सचा विषाणू हा सार्स-कोव्ह-२ चा जवळचा नातेवाईक आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत भारतातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला, आणि त्या वेळीही गर्भवतींची गणना अधिक जोखमीच्या गटात झाली. असे असूनही नव्या साथीच्या आरंभी गर्भवतींविषयी निश्चित सांगता येईल अशी माहिती जवळजवळ नव्हती, कारण प्रत्येक साथ ओसरल्यावर नोंदी ठेवण्याचे काम थांबत असे.

डिसेंबर २०१९ मध्ये चीनमधील वुहान येथे नव्या आजाराचे रुग्ण आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी त्याला कोव्हिड-१९ हे नाव दिले आणि ११ मार्च रोजी जागतिक महामारी जाहीर केली. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. याच सुमारास पुण्याच्या मायलॅब या कंपनीत चाचणीसंच तयार करण्याचे काम विषाणुशास्त्रज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखाली चालू होते. त्या स्वतः गरोदर होत्या. १८ मार्च रोजी संच तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे सोपविल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी कन्येला जन्म दिला.

गर्भवतीच्या शरीरात काय घडते

गरोदरपणात स्त्रीच्या शरीराची ऑक्सिजनची गरज सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी वाढत्या गर्भाशयामुळे श्वासपटल वर ढकलले जाते आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. म्हणजे गरज वाढते आणि गंगाजळी आटते. निरोगी स्त्रीला याचा त्रास थोडा दम लागण्यापलीकडे जाणवत नाही. परंतु न्यूमोनियाने फुप्फुसाचा काही भाग निकामी झाला, तर तिच्या रक्तातील ऑक्सिजन इतरांपेक्षा लवकर उतरतो.

दुसरा बदल रक्ताचा. प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊ नये यासाठी गरोदरपणात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती निसर्गतःच वाढलेली असते. कोव्हिड-१९ मध्येही रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. या दोन्ही प्रवृत्ती एकत्र आल्या की पायांच्या शिरांत किंवा फुप्फुसांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि हा धोका प्रसूतीनंतरही काही आठवडे टिकतो.

तिसरा बदल रोगप्रतिकारशक्तीचा. गर्भ हा अर्धा पित्याचा, म्हणजे आईच्या शरीराला अंशतः परका असतो. त्याला नाकारले जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती आपले वर्तन बदलते. ती ‘कमी होते’ असे सर्रास म्हटले जाते, पण ते बरोबर नाही. तिचे संतुलन बदलते, आणि काही विषाणूंना त्या बदलाचा फायदा मिळतो.

गर्भारपणातील उच्च रक्तदाब आणि कोव्हिड-१९ यांचा संबंध विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १८ देशांतील ४३ रुग्णालयांतून ७०६ बाधित आणि १,४२४ अबाधित गर्भवतींची तुलना करणारा ‘इंटरकोव्हिड’ हा अभ्यास एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बाधित स्त्रियांमध्ये रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याच्या विकाराचे प्रमाण सुमारे पावणेदोन पट, आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण दीडपटीहून अधिक आढळले. बाधित गटातील मातामृत्यूचे प्रमाण १.६ टक्के होते. अबाधित गटाच्या तुलनेत ते सुमारे २२ पट भरते. ही पटसंख्या मोठी वाटते, ती अबाधित गटात मृत्यू अगदीच थोडे असल्यामुळे.

महाराष्ट्रातील नोंदवही

मुंबईत परळ येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्था आहे. या संस्थेने राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या सहकार्याने २०२० मध्ये ‘प्रेगकोव्हिड’ नावाची नोंदवही सुरू केली. शासकीय व महापालिकांच्या वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत दाखल होणाऱ्या बाधित गर्भवती व बाळंतिणींची माहिती तिच्यात एकाच पद्धतीने भरली जाऊ लागली. रुग्णालये रुग्णांनी भरून वाहत असताना परिचारिका आणि निवासी डॉक्टरांनी ही पाने भरली. आज आपल्याला या विषयावर जे काही आकड्यांत बोलता येते, ते या कामामुळे.

मार्च २०२० ते जानेवारी २०२१ या काळातील, म्हणजे पहिल्या लाटेतील, १९ रुग्णालयांची माहिती पुढे प्रसिद्ध झाली. तिच्यात ४,२०३ स्त्रियांचा समावेश आहे. त्यांच्यापैकी केवळ ५३४ स्त्रियांना, म्हणजे १३ टक्क्यांना लक्षणे होती. लक्षणे असलेल्यांपैकी ३८२ जणींचा आजार सौम्य, ११२ जणींचा मध्यम आणि ४० जणींचा तीव्र होता. ३,२१३ बाळे जिवंत जन्मली. गर्भपात आणि मृतजन्म मिळून गर्भहानीचे प्रमाण ६ टक्के होते. ५२८ प्रसूती अपुऱ्या दिवसांच्या झाल्या. हे प्रमाण १६.३ टक्के पडते. भारतात एरवी दर शंभर जन्मांत सुमारे १३ बाळे अपुऱ्या दिवसांची असतात. ३२८ जणींना उच्च रक्तदाबाचे विकार झाले आणि १५८ जणींना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले.

या ४,२०३ पैकी ३४ माता मृत्यू पावल्या. हे प्रमाण ०.८ टक्के होते. पुणे विभागात ८५३ पैकी ९ आणि मराठवाड्यात ३५१ पैकी ४, म्हणजे दोन्हीकडे १.१ टक्के, विदर्भात १,१५५ पैकी ९, मुंबई महानगर प्रदेशात १,६८४ पैकी ११, आणि खानदेशात १६० पैकी १ अशी विभागवार विभागणी आहे. ॲनिमिया म्हणजे रक्तक्षय, क्षयरोग आणि मधुमेह हे विकार मृत्यूशी निगडित असल्याचे आढळले.

या तीन विकारांतील पहिला आपल्याकडे इतका सर्वसाधारण आहे की त्याला विकार म्हणण्याचीही सवय राहिलेली नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता, आणि हे सर्वेक्षण साथ येण्यापूर्वी, २०१९ साली झाले होते. ज्या स्त्रीच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी आहे, तिच्या फुप्फुसावर घाला पडल्यास काय होईल, हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही.

आकडे वाचताना एक पथ्य पाळावे लागते. लक्षणे नसलेल्या स्त्रिया या नोंदींत एवढ्या मोठ्या संख्येने दिसतात, त्याचे कारण चाचणीच्या धोरणात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २० एप्रिल २०२० रोजी सूचना काढली. प्रतिबंधित क्षेत्रातून येणाऱ्या आणि पुढील पाच दिवसांत प्रसूती अपेक्षित असलेल्या गर्भवतींची चाचणी लक्षणे नसली तरी करावी, परंतु चाचणीवाचून प्रसूती अडवू नये, असे तीत म्हटले होते. इतर लोकांची चाचणी ताप-खोकला आल्यावर होत असे. गर्भवतीची मात्र प्रसूतीला आली म्हणून होत असे. त्यामुळे तिच्या आकड्यांची तुलना सर्वसाधारण रुग्णांच्या आकड्यांशी थेट करता येत नाही.

मुंबईचे बा. य. ल. नायर धर्मादाय रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये कोव्हिड रुग्णांसाठी राखीव करण्यात आले. तेथे बाधित मातांची एक हजाराहून अधिक बाळे जन्मली.

दुसरी लाट

फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रात आलेली दुसरी लाट मुख्यतः डेल्टा या नावाने ओळखल्या गेलेल्या उत्परिवर्तित विषाणूची होती. नायर रुग्णालयातील पहिल्या लाटेतील १,१४३ आणि दुसऱ्या लाटेतील ३८७ गर्भवती व बाळंतिणींची तुलना जून २०२१ मध्ये समोर आली. लक्षणे असलेल्यांचे प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर गेले होते. मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर पोहोचले होते. म्हणजे पहिल्या लाटेत दाखल झालेल्या साधारण दीडशे बाधित स्त्रियांमागे एक दगावली, तर दुसऱ्या लाटेत साधारण अठरांमागे एक. हे मोठ्या शहरातील राखीव रुग्णालयाचे आकडे आहेत. तेथे इतर ठिकाणांहून गंभीर स्त्रियाही पाठविल्या जात, म्हणून समाजातील सर्व बाधित गर्भवतींना हे प्रमाण लावणे चुकीचे ठरेल. तरीही एकाच रुग्णालयात, त्याच पद्धतीने मोजलेल्या दोन लाटांमधील हा फरक नाकारता येण्यासारखा नाही.

अमेरिकेतील सुमारे साडेबारा लाख प्रसूतींच्या नोंदींवरूनही हीच दिशा दिसली. बाधित मातांमध्ये मृतजन्माचे प्रमाण १.२६ टक्के, तर अबाधित मातांमध्ये ०.६४ टक्के होते. डेल्टाच्या काळात बाधितांमधील प्रमाण २.७० टक्क्यांपर्यंत चढले. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉनच्या लाटेत आजाराची तीव्रता पुष्कळ कमी झाली.

वार आणि गर्भ

गर्भाचे पोषण आणि श्वसन वारेतून चालते. वार ही आई आणि बाळ यांच्यामधील चाळणीही आहे. बहुतेक वेळा ती या विषाणूला अडविते. याचे एक कारण असे मानले जाते की, विषाणूला पेशीत शिरण्यासाठी जी दोन प्रथिने एकत्र लागतात, ती वारेच्या पेशींत एकत्र फार क्वचित असतात. मात्र काही स्त्रियांत विषाणू वारेवरच हल्ला करतो. तिच्या पेशी मरतात, त्यांच्याभोवती तंतुमय पदार्थ साचतो आणि वारेचा मोठा भाग निरुपयोगी होतो. अशा वेळी गर्भाला स्वतःला संसर्ग न होताही तो गुदमरून दगावू शकतो. डेल्टाच्या काळातील काही मृतजन्मांचे कारण हेच असल्याचे वारेच्या तपासणीत आढळले. पोटातील बाळाची हालचाल मंदावल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, हा जुनाच सल्ला या आजारात अधिक महत्त्वाचा ठरला.

झिका विषाणूच्या संसर्गात बाळाचे डोके लहान राहण्यासारखी व्यंगे येतात. कोव्हिड-१९ मुळे तशी जन्मजात व्यंगे येत असल्याचे दिसून आलेले नाही. २०२० साली ही भीती अनेक घरांत होती, म्हणून याची स्वतंत्र नोंद आवश्यक आहे.

आईकडून बाळाला संसर्ग

आईच्या पोटातच बाळाला संसर्ग होतो का, हा प्रश्न साथीच्या पहिल्या वर्षी वादाचा होता. पुण्याच्या ससून सर्वसाधारण रुग्णालयाने जुलै २०२० मध्ये अशी एक घटना जाहीर केली. मातेला प्रसूतीपूर्वी ताप येऊन गेला होता, परंतु तिच्या घशातील स्रावाची चाचणी नकारात्मक आली. जन्मलेल्या मुलीच्या घशातील स्राव, नाळ आणि वार या तिन्हींच्या चाचण्या मात्र सकारात्मक आल्या. दोन-तीन दिवसांत बाळाला ताप व तीव्र दाहाची लक्षणे दिसू लागली. अतिदक्षता विभागातील उपचारांनंतर ते बरे होऊन घरी गेले. वारेतून संसर्ग झाल्याची भारतातील ही पहिली घटना म्हणून तिचा उल्लेख होतो. तिचे महत्त्व नाळ आणि वार यांची तपासणी केली गेली यात आहे. केवळ बाळाचा स्राव तपासला असता, तर संसर्ग प्रसूतीनंतर कोणाच्या तरी हातून झाला असे म्हणायला जागा राहिली असती.

पुढे जगभरातील १४० अभ्यासांतील १४ हजारांहून अधिक बाळांची माहिती एकत्र केली असता बाधित मातांच्या बाळांपैकी सुमारे १.८ टक्के बाळांची चाचणी सकारात्मक आली. म्हणजे संसर्ग पोटात होऊ शकतो, पण तो विरळ आहे. आईचा आजार तीव्र असला, तर ही शक्यता वाढते.

कोल्हापुरातील वीस बाळे

मुलांमध्ये कोव्हिड-१९ होऊन गेल्यावर तीन ते पाच आठवड्यांनी एक वेगळाच विकार दिसतो. त्यात हृदय, आतडी, मूत्रपिंडे अशा अनेक अवयवांना एकाच वेळी दाह होतो. विषाणू तोवर गेलेला असतो. त्याच्याविरुद्ध चेतलेली प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते. हा विकार नवजात बाळाला होईल असे कोणाला वाटले नव्हते, कारण त्याचे आयुष्यच दोन-चार दिवसांचे असते.

१ सप्टेंबर २०२० ते ३० एप्रिल २०२१ या आठ महिन्यांत कोल्हापुरात अशी वीस बाळे आढळली. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जुलै २०२१ मध्ये ‘चिल्ड्रेन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यांची माहिती प्रसिद्ध केली. अठरा मातांची ही बाळे होती. पंधरा एकेकटी जन्मलेली, पाच जुळ्यांपैकी. मातांना गरोदरपणात कोव्हिड-१९ होऊन गेला होता किंवा बाधितांशी त्यांचा संपर्क आला होता. जन्मानंतरच्या पहिल्या पाच दिवसांतच बाळांना लक्षणे दिसली.

निदानाची किल्ली प्रतिपिंडांत होती. प्रतिपिंडांचे निरनिराळे प्रकार असतात. त्यांपैकी ‘जी’ वर्गातील प्रतिपिंडे वारेतून आईकडून बाळाकडे जातात. ‘एम’ वर्गातील आकाराने मोठी असल्याने जात नाहीत. बाळाच्या रक्तात ‘एम’ प्रतिपिंडे सापडली, तर ती त्याची स्वतःची, म्हणजे संसर्ग त्याला झाला असे समजावे. येथे वीसपैकी एकोणीस बाळांत ‘जी’ प्रतिपिंडे होती आणि ‘एम’ एकातही नव्हती. याचा अर्थ संसर्ग आईचा होता आणि बाळाकडे आली ती तिची प्रतिपिंडे. एरवी हीच प्रतिपिंडे तान्ह्या बाळाचे कवच असतात. या बाळांत त्यांनीच दाह पेटविला असावा, असा तर्क लेखकांनी मांडला.

वीसपैकी अठरा बाळांच्या हृदयावर परिणाम झाला होता. कोणाच्या हृदयाच्या विद्युत्‌लेखात अंतर वाढलेले, कोणाचे ठोके निम्म्यावर आलेले, कोणाच्या हृदयाच्या रोहिण्या फुगलेल्या; काहींचे हृदय रक्त पुढे ढकलण्यास असमर्थ झालेले. आठ बाळांचे श्वसन कोलमडले होते. सहांना दूध पचत नव्हते. ताप मात्र केवळ दोघांना होता, ही नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण मोठ्या मुलांत तापाशिवाय या विकाराचे निदान होत नाही. सर्व बाळांना स्टिरॉइड आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देण्यात आले. अठरा बाळे वाचली, दोन दगावली.

या निबंधानंतर इतर ठिकाणांहूनही अशी बाळे नोंदली गेली. त्याचबरोबर आक्षेपही आले. नवजात बाळाच्या रक्तातील जंतुसंसर्ग, जन्मताना गुदमरणे किंवा अपुरे दिवस यांमुळेही पुष्कळशी अशीच लक्षणे दिसतात, आणि साथीच्या काळात असंख्य मातांच्या रक्तात प्रतिपिंडे होतीच. म्हणून केवळ प्रतिपिंडे सापडली एवढ्यावर हे निदान करू नये आणि महागडी औषधे सरसकट देऊ नयेत, असा इशारा नवजातशिशुतज्ज्ञांनी दिला. पुढे या विकाराच्या नेमक्या व्याख्या सुचविल्या गेल्या. वाद पुरता मिटलेला नसला, तरी तो सुरू करणाऱ्या पहिल्या मोठ्या नोंदींपैकी एक जिल्ह्याच्या ठिकाणाहून आली, याची दखल घेतली पाहिजे.

उपचार

उपचारांची मूलतत्त्वे इतर रुग्णांप्रमाणेच आहेत. फरक आहे तो मर्यादांचा. रक्तातील ऑक्सिजनची पातळी गर्भवतीत ९५ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत. इतर रुग्णांत त्याहून थोडी कमी पातळी चालते. तिला उताणे न निजवता डाव्या कुशीवर ठेवतात, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडत नाही. गुठळ्या टाळण्यासाठी हेपरिनची इंजेक्शने देतात. ते वारेतून जात नसल्याने बाळाला सुरक्षित असते. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांत स्टिरॉइडमुळे जीव वाचतात, हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या चाचणीतून सिद्ध झाले. गर्भवतीत मात्र प्रेडनिसोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन अधिक पसंत केले जाते, कारण वार त्यांचा बराच भाग निष्प्रभ करते. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा संभव असला, तर त्याची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून आधी डेक्सामेथासोनच्या ठरावीक मात्रा देतात.

साथीत घरोघरी वाटल्या गेलेल्या काही औषधांपासून गर्भवतींना दूर ठेवणे हेच मोठे काम होते. फॅव्हिपिराव्हिर या औषधाने प्राण्यांच्या गर्भात व्यंगे येतात, म्हणून ते गरोदरपणात निषिद्ध आहे. डॉक्सिसायक्लीन आणि आयव्हरमेक्टिन यांचाही वापर टाळावा असा नियम आहे. शेजारच्या घरातील औषधाची चिठ्ठी दाखवून दुकानातून तीच औषधे आणण्याच्या आपल्या सवयीमुळे हा धोका वाढला. गरज असल्यास पोटावर संरक्षक आवरण ठेवून छातीचे क्ष-किरण चित्र काढता येते. त्याला भिऊन निदान लांबविणे अधिक घातक असते.

कोव्हिड-१९ हे सिझेरियनचे कारण नाही. भारतातील प्रसूतितज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या महासंघाने साथीच्या आरंभीच तशी मार्गदर्शक सूचना दिली होती.

स्तनपान

चीनमधील सुरुवातीच्या पद्धतीचे अनुकरण करून अनेक ठिकाणी बाधित आईपासून बाळ जन्मताच वेगळे केले जात असे. चौदा दिवस बाळाचे तोंड न पाहिलेल्या माता होत्या. या काळात अनेक बाळांना पहिला चीक मिळाला नाही आणि मातांचे दूध आटले. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये उपलब्ध पुरावा तपासून स्पष्ट केले की, आईने मुखपट्टी लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावे. आईच्या दुधातून संसर्ग पसरविणारा जिवंत विषाणू जात असल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट प्रतिपिंडे मात्र मिळतात. इंटरकोव्हिड अभ्यासातही स्तनपान आणि बाळाचा संसर्ग यांचा संबंध आढळला नाही. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची पद्धतही चालू ठेवावी, असे सांगण्यात आले. आई फारच आजारी असेल, तर तिचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजता येते.

लसीकरण

लसींच्या पहिल्या चाचण्यांतून गर्भवतींना वगळण्यात आले होते. त्यामुळे १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात लसीकरण सुरू झाले, तेव्हा गर्भवती आणि स्तनदा मातांना लस देऊ नये असा आदेश होता. स्तनदा मातांना १९ मे २०२१ रोजी आणि गर्भवतींना २ जुलै २०२१ रोजी परवानगी मिळाली. दुसरी लाट फेब्रुवारीत सुरू झाली होती. म्हणजे जिच्यात मृत्यूचे प्रमाण आठपट वाढले, ती लाट राज्याच्या मोठ्या भागात ओसरत आल्यावर हा निर्णय झाला. ज्यांच्यावर चाचणी झालेली नाही त्यांना लस देणे धोक्याचे, हा विचार वरवर सावधपणाचा वाटतो. परंतु लस न देणे हाही एक निर्णयच होता, आणि त्याचे परिणाम नायर रुग्णालयाच्या आकड्यांत दिसतात.

पुढील अनुभवात लसीमुळे गर्भपात किंवा व्यंगे वाढल्याचे दिसले नाही. आईच्या प्रतिपिंडांचा लाभ बाळाला मिळतो, ही गोष्टही स्पष्ट झाली. गरोदरपणात लस घेतलेल्या मातांच्या सहा महिन्यांखालील बाळांना कोव्हिडमुळे रुग्णालयात दाखल करावे लागण्याचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी असल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले. या वयाच्या बाळांसाठी स्वतंत्र लस नसल्याने हे संरक्षण मोलाचे ठरते. येथे दिलेल्या लसी (पुण्याच्या सीरम संस्थेची कोव्हिशील्ड आणि भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन) वेगळ्या तंत्राच्या होत्या; अमेरिकेतील आकडा त्यांना जसाच्या तसा लागू करता येत नाही.

बाळंतपण, माहेर आणि जोतिबाचा डोंगर

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि मुलगी आईकडे जाते. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि ही वाट बंद झाली. जिल्ह्याची सीमा ओलांडण्यास ई-पास लागू लागला. ही अट सप्टेंबर २०२० च्या आरंभापर्यंत होती. मुंबई-पुण्याहून कोल्हापूर, सातारा, सांगलीकडे निघालेल्या गर्भवतींना गावाच्या वेशीवरही अडचणी आल्या. शहरातून आलेला माणूस म्हणजे साथ, अशी समजूत त्या वेळी पक्की झाली होती. शाळेच्या खोलीत विलगीकरणात राहिलेल्या गरोदर लेकींच्या हकिकती अनेक गावांत ऐकायला मिळतात. आशा स्वयंसेविकांनी या काळात घरोघरी जाऊन गर्भवतींच्या याद्या ठेवल्या, लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या पोहोचविल्या. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेचा भारही मुख्यतः त्यांच्यावरच होता.

कोल्हापूर शहराच्या वायव्येस पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरी हे डोंगरावरील गाव आहे. तेच जोतिबा म्हणून ओळखले जाते. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला येथे लाखो भाविक सासनकाठ्या घेऊन येतात. नवे जोडपे आणि पुढे त्यांचे तान्हे बाळ जोतिबाच्या पायावर घालण्याची अनेक घराण्यांची परंपरा आहे. मार्च २०२० मध्ये मंदिर बंद झाले. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी चैत्र यात्रा भाविकांविना पार पडली. राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला उघडली. गुलाल, नारळ, दवणा, प्रसाद आणि यात्रेकरूंची राहण्या-जेवणाची सोय यांवर ज्या गावाचा संसार चालतो, तेथे यात्रा नाही म्हणजे हातात पैसा नाही. घरात पैसा कमी पडला की ताटातील पहिली काटछाट बहुधा सुनेच्या वाट्याला येते. मातेच्या आरोग्यावरील साथीचे परिणाम मोजताना रुग्णालयाच्या नोंदी ही बाजू दाखवू शकत नाहीत.

जिल्ह्यातील शासकीय उपचारांचा मुख्य आधार कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे होते. ते ‘सीपीआर’ या नावाने परिचित असून राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. साथीच्या काळात ते कोव्हिड रुग्णांसाठी वापरले गेले. जून-जुलै २०२१ मध्ये राज्यात इतरत्र लाट ओसरत असताना कोल्हापूर, सांगली आणि सातारा येथे रुग्णसंख्या चढीच राहिली. त्यातच जुलैच्या अखेरीस पंचगंगेला महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद पडला आणि नदीकाठची गावे स्थलांतरित करावी लागली. साथीत अंतर राखायचे आणि पुरात एका छपराखाली जमायचे, अशा दुहेरी पेचात तेथील गर्भवती सापडल्या.

साथीनंतर

नमुना नोंदणी पद्धतीच्या आकड्यांनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूचे गुणोत्तर दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. २०१९-२१ या काळात ते ३८ झाले. याच दरम्यान देशाचे गुणोत्तर ९७ वरून ९३ पर्यंत उतरले. राज्यातील ही वाढ सर्वस्वी कोरोनामुळे झाली असे म्हणता येत नाही. चुकलेल्या तपासण्या, उशिरा मिळालेली रुग्णवाहिका आणि इतर रुग्णांसाठी बंद झालेले विभाग यांचाही त्यात वाटा असू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोव्हिड-१९ ची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. जोतिबाची चैत्र यात्रा त्याच्या एक वर्ष आधी, एप्रिल २०२२ मध्ये, पूर्वीप्रमाणे भरली होती. पहिल्या लाटेत जन्मलेली मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत. आईच्या संसर्गाचा मुलांच्या वाढीवर आणि बौद्धिक विकासावर काही दूरगामी परिणाम होतो का, याचा अभ्यास अनेक देशांत चालू आहे.